महाराष्ट्रातले रोजगाराचे पट्टे

रोजगाराचा पट्टा म्हणजे असा भाग जिथे घरटी एकतरी माणूस एकाच धंद्यावर पोट भरतो, आणि त्या धंद्याची तब्येत बिघडली की किराणा दुकानदारापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्या गावाला ते कळतं. इचलकरंजीत माग, सोलापुरात चादर आणि विडी, चाकणला गाड्या, हुपरीत चांदी, बीडच्या डोंगरपट्ट्यात ऊसतोड. नोकऱ्यांची चर्चा नेहमी राज्याच्या नाहीतर देशाच्या आकड्यावर होते, पण काम शोधणारा माणूस आकडा बघून निघत नाही, तो बघतो की आपल्या गावचं आधी कोण कुठे गेलंय आणि तिथे कामाला लावणारा ओळखीचा आहे का. हा लावणारा माणूस, म्हणजे गिरणीतला जॉबर, उसातला मुकादम, एमआयडीसीतला ठेकेदार, महाराष्ट्रातला रोजगार समजून घ्यायचा तर आधी याच्याकडे बघावं लागतं, कारण धंदे बदलत गेले पण दारात उभा असलेला हा माणूस काही हलला नाही.

सगळ्यात मोठा आणि सगळ्यात जास्त लिहिला-बोलला गेलेला पट्टा म्हणजे मुंबईचं गिरणगाव. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कंपनी काढली, दोन वर्षांनी ताडदेवला गिरणी सुरू झाली, आणि पुढच्या काही दशकांत लालबाग, परळ, वरळी, भायखळा असा सगळा भाग भोंग्यावर चालायला लागला. माणसं आली रत्नागिरीतून, सिंधुदुर्गातून, साताऱ्यातून, कोल्हापुरातून. गाववाला जॉबर असायचा, तो आपल्या माणसाला आधी बदली म्हणून लावायचा, म्हणजे रोज सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं, कोणी गैरहजर असलं तर काम, नाहीतर परत. बदलीतून कायम व्हायला वर्षानुवर्षं जायची. एका खोलीत गावचेच पंधरा-वीस जण, पाळीपाळीने झोपायचे, आणि जेवण खानावळवालीकडे. या खानावळी चालवणाऱ्या बायका हासुद्धा गिरणीचाच रोजगार होता, फक्त तो कुठल्या मस्टरवर नव्हता. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांना सावकाराच्या कर्जातून सोडवायला. आणि कोकणातली गावंच्या गावं मनीऑर्डरवर जगायची, म्हणजे रत्नागिरीच्या गावातला चुलीचा खर्च परळच्या साच्यावर, म्हणजे गिरणीतल्या मागावर, निघत होता.

१८ जानेवारी १९८२ ला कामगारनेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार त्यात होते. मागणी पगाराची, बोनसची, बदली कामगारांना कायम करण्याची होतीच, शिवाय कायद्याने एकाच मान्यताप्राप्त युनियनला बोलायचा हक्क दिला होता त्यालाही विरोध होता. तो संप रीतसर मागे घेतला असं कधी झालंच नाही. लोक हळूहळू परत गेले, ज्यांना घेतलं नाही ते गावी गेले, काहींनी भाजीची गाडी लावली, काहींनी वॉचमनकी धरली. गिरण्या नंतर एकेक करून बंद पडल्या. पुढे १९९१ च्या विकास नियमावलीत गिरणीच्या जमिनी वापरायची वाट मोकळी झाली, २००१ मध्ये नियमात बदल होऊन मोकळ्या सोडायच्या जागेचा हिशोबच बदलला, आणि गिरण्यांच्या जागी मॉल, ऑफिसं, टॉवर आले. आज लोअर परळला सकाळी उतरणारी गर्दी बघितली तर त्या भागात काम नाही असं कोणी म्हणणार नाही, काम भरपूर आहे, पण ते साचेवाल्याला मिळालं नाही. त्याच्या मुलाला मिळालं तर हाऊसकीपिंगचं किंवा सिक्युरिटीचं, तेही एजन्सीतर्फे. हे मला सगळ्यात जास्त लागतं. रोजगाराच्या आकड्यात एक नोकरी गेली आणि एक आली की बेरीज शून्य दिसते, पण गेली ती एकाच्या घरातून आणि आली ती दुसऱ्याच्या घरात, मधल्या माणसाचं काय झालं ते त्या बेरजेत नसतंच.

मुंबईतून कापड गेलं म्हणजे राज्यातून गेलं असं नाही, ते यंत्रमागावर गेलं. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी हे तीन मोठे गाव. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी आणला, संस्थानचे नारायणराव घोरपडे यांनी त्याला पाठबळ दिलं, आणि तिथून महाराष्ट्राचं मँचेस्टर हे नाव पडलं. गिरणी एका छपराखाली जे करायची ते इथे वेगवेगळ्या मालकांकडे वाटलं गेलं, सायझिंग, म्हणजे सुताला खळ लावणं, एकाकडे, वहिफणी, म्हणजे ताण्याचे धागे ओवणं, दुसऱ्याकडे, कांड्या भरणं तिसऱ्याकडे, माग चौथ्याच्या शेडमध्ये, आणि कामगाराला मजुरी पिकावर, म्हणजे कापडात आडवे धागे किती आणि मीटर किती निघाले त्यावर. वीज गेली की मजुरी गेली, बीम, म्हणजे ताण्याचा रूळ, संपला आणि नवीन यायला उशीर झाला तर तेवढा वेळ बिनपगारी. शेड लहान असल्या की कारखान्याचे बरेच कायदे लागूच होत नाहीत, त्यामुळे प्रॉव्हिडंट फंड नावाची गोष्ट अनेकांनी फक्त ऐकलेली असते. भिवंडीत तर कामगार बहुतेक उत्तर प्रदेश, बिहार आणि तेलंगणातून आलेले, आणि आता तिथेच नाशिक हायवेच्या दोन्ही बाजूंना गोदामं उभी राहिलीत. मुंबईच्या जवळ पण जकातीच्या बाहेर म्हणून गोदामं आधीपासून होतीच, २०१७ ला जीएसटी आल्यावर आणि ऑनलाइन खरेदी वाढल्यावर ती फार वाढली. मागावर बारा तास उभा राहणारा आणि गोदामात बारा तास पार्सल लावणारा, दोघांच्या कामात साम्य काही नाही, पण दोघांनाही लावणारा ठेकेदारच.

सोलापूर वेगळं सांगायला हवं. १८७७ ला तिथे पहिली गिरणी निघाली, लोक तिला जुनी मिल म्हणायचे, आणि तेलुगू बोलणारा पद्मशाली समाज विणकामाचं कसब घेऊन तिथे वसला. गिरण्या बंद पडल्या, चादर आणि टॉवेलचे माग राहिले, आणि घरातला पुरुष मागावर तर बाई विडीवर असं ते गणित बसलं. विडीचं काम असं की कारखान्यातून पान, तंबाखू, दोरा घरी आणायचा, पानं भिजवायची, कापायची, वळायची, आणि तयार विड्या नेऊन द्यायच्या, मजुरी हजार विड्यांमागे. खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे कापले जातात, म्हणून हजार भरायला हजाराहून जास्त वळाव्या लागतात. या बायका संघटित झाल्या आणि त्यातून कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत झाली, माजी आमदार नरसय्या आडम यांनी ते लावून धरलं, नंतर रे नगरचा तीस हजार घरांचा प्रकल्प आला आणि त्यातल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या गेल्या. विडीचा धंदा कमी होत जाणार हे सगळ्यांना माहितीय, पण पन्नाशीच्या बाईला विडी सोडून दुसरं काय काम देणार याचं उत्तर कुठल्याच योजनेत नीट सापडत नाही.

आता ऊस. हा खरंतर एक पट्टा नाही, दोन पट्ट्यांची जोडी आहे. १९५० च्या सुमाराला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला पहिला सहकारी साखर कारखाना उभा केला, मग नगर, सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे सगळीकडे कारखाने झाले, गावात शाळा आली, बँक आली, पोरांना कारखान्यात नोकऱ्या लागल्या. पण ऊस तोडायला त्या गावातलं कोणी उतरत नाही. तोडायला माणूस येतो बीडमधून, पाथर्डीतून, आष्टी, धारूर, वडवणी, म्हणजे बालाघाटच्या डोंगरातून, जिथे पाऊस कमी आणि जमीन हलकी. दसरा-दिवाळी झाली की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार भरून टोळ्या निघतात, काही कर्नाटकात, काही गुजरातेत, आणि परत येतात मार्च-एप्रिलमध्ये. नवरा-बायको मिळून एक कोयता. माणूस मोजायची ही पद्धतच सगळं सांगून जाते, बाईची मजुरी वेगळी कुठे लिहिलीच जात नाही आणि उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, नवऱ्याच्या हातात. मुकादम हंगामाच्या आधी उचल देतो, मग हंगामभर टनावर काम करून ती फेडायची, फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर, आणि एक दिवस खाडा झाला तर त्याचे पैसे वर कापतात. कारखान्याच्या कागदावर हा माणूस कामगार म्हणून दिसत नाही, कागदावर करार असतो तो वाहतूकदार आणि मुकादमाचा. मुलं कोपीत, म्हणजे उसाच्या पाचटाच्या नाहीतर ताडपत्रीच्या खोपटात, शाळा बुडवून. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती झाली. पाळीच्या दिवसांतही सुट्टी परवडत नाही म्हणून बाई पिशवी काढून घेते, ही रोजगाराचीच बाब आहे, फक्त आरोग्याची नाही. नंतर गोपीनाथ मुंडेंच्या नावाने कल्याण महामंडळ झालं, कारखान्यांकडून टनामागे १० रुपये त्यासाठी घ्यायचं ठरलं. मधल्या काळात तोडणी यंत्रं वाढायला लागलीत, ती मोठ्या सलग रानात चालतात, लहान तुकड्यात चालत नाहीत, म्हणून कोयता लगेच जाणार नाही.

गंमत नाही पण लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की त्याच बीड, लातूर, परभणीतला बापाचा मुलगा आयटीआय करून उसाला न जाता चाकणला जातो. पुण्याचा कारखानदारीचा पट्टा पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून सुरू झाला, मग साठच्या दशकात टेल्को, म्हणजे आताची टाटा मोटर्स, आकुर्डीला बजाज, भोसरीत त्यांना सुटे भाग पुरवणारी हजारो छोटी वर्कशॉपं, आणि पुढे चाकण, तळेगाव, रांजणगाव. आधीच्या पिढीतला कामगार पर्मनंट झाला, त्याने चिंचवडला घर घेतलं, पोरांना इंजिनियर केलं. आत्ताचा पोरगा ट्रेनी म्हणून लागतो, नाहीतर ठेकेदाराकडून, सात महिने भरत आले की ब्रेक, कारण वर्षात २४० दिवस भरले तर कायद्याने त्याला काही हक्क लागू होतात. मग तो शेजारच्या कंपनीत, परत सात महिने. कॉट बेसिसवर खोली, मेसचा डबा, आणि ब्रेकमध्ये गावी. लाइनवर शेजारी-शेजारी तेच नट आवळणाऱ्या दोघांच्या पगारात तिप्पट-चौपट फरक असू शकतो, एक कायम आणि एक कंत्राटी म्हणून. तळेगावचा जनरल मोटर्सचा प्रकल्प २०२० च्या शेवटी थांबला आणि नंतर ह्युंदाईने घेतला, म्हणजे जागा, शेड, काम सगळं तिथेच, पण जुन्या कामगारांना आंदोलनाला बसावं लागलं, लोअर परळचीच गोष्ट पुन्हा. हिंजवडीत आयटीवाले दिसतात, पण प्रत्येक कंपनीमागे कॅब ड्रायव्हर, कँटीन, सिक्युरिटी, हाऊसकीपिंग, आणि आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांतल्या पीजी चालवणाऱ्या बायका असा दुसरा रोजगार असतो आणि वर्क फ्रॉम होम झालं तेव्हा आधी तोच बसला.

बाकीचे पट्टे थोडक्यात. नाशिकला ओझरचा विमान कारखाना आणि नोटांचा छापखाना या सरकारी नोकऱ्या, जोडीला द्राक्ष, जिथे छाटणी आणि डिपिंगच्या, म्हणजे घड औषधात बुडवायच्या, दिवसांत पेठ-सुरगाण्यातून आदिवासी मजूर बागेवर येतात. संभाजीनगरला वाळूज, चिकलठाणा, आणि नंतर शेंद्रा-बिडकीन. कोल्हापूरला फाउंड्री. चंद्रपूरला कोळसा आणि सिमेंट, भंडारा-गोंदियाला तेंदूपत्ता, गडचिरोलीत आता लोहखनिज. रत्नागिरीच्या आंब्याच्या बागा राखायला नेपाळी कुटुंबं येतात, कारण राखणदार होऊ शकला असता तो मुंबईत आहे. शेजारी गोव्यात २०१२ ला आणि परत २०१८ ला खाणी थांबल्या तेव्हा सांगे-सत्तरी-डिचोलीतले ट्रकवाले हप्त्यांसकट घरी बसले. आणि एक पट्टा नकाशावर दिसतच नाही, तो म्हणजे विटा-खानापूर-आटपाडीचा गलाई व्यवसाय: सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम, आणि ते करणारी सांगलीची माणसं देशातल्या जवळजवळ प्रत्येक सराफ बाजारात, केरळपासून पंजाबपर्यंत. दुष्काळाने घराबाहेर काढलेल्या लोकांनी मुकादमाशिवाय, पाहुण्यारावळ्यांच्या ओळखीवर उभा केलेला धंदा म्हणून मला त्याचं फार कौतुक आहे.

मधल्या माणसाला कायद्याने बाजूला सारता येतं याचं उदाहरण याच राज्यात आहे. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत आणि बाबा आढावांनी पुण्यात हमालांना एकत्र केलं, आणि १९६९ चा माथाडी कायदा आला. मालक मजुरी थेट देत नाही, बोर्डात भरतो, वर लेव्ही, म्हणजे मजुरीवर ठरलेली जादा रक्कम, भरतो, आणि त्यातून हमालाला भविष्य निधी, ग्रॅच्युइटी, दवाखाना मिळतो, मालक रोज वेगळा असला तरी. आता काही ठिकाणी माथाडीच्या नावाने खंडणी मागणाऱ्या टोळ्या झाल्यात आणि त्यामुळे खऱ्या हमालाचं नाव खराब होतं, ते थांबायलाच पाहिजे, पण कायद्याची कल्पना पक्की होती, आणि तीच ऊसतोडीला का लावली नाही हा प्रश्न तिथल्या संघटना कित्येक वर्षं विचारतायत.

पट्टा कोसळला की माणूस कुठे जातो ते कोविडमध्ये सगळ्यांनी बघितलं. देशात शेतीवर काम करणाऱ्यांचं प्रमाण सरकारी पाहणीप्रमाणे २०१८-१९ ला ४२.५ टक्के होतं ते २०२०-२१ ला ४६.५ वर गेलं. शेतीत काम वाढलं म्हणून नाही, शहरातलं सुटलं म्हणून. अशा वेळी हाताशी असते ती रोजगार हमी, आणि तीही इथलीच. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला प्रयोग केला, १९७२ च्या दुष्काळात पाझर तलाव आणि रस्त्यांच्या कामावर लाखो लोक जगले, १९७७ ला कायदा झाला, २००५ ला तोच धागा धरून देशाचा कायदा आला. या योजनेला पैसा कुठून आणायचा म्हणून १९७५ साली पगारदारांवर व्यवसाय कर लावला. हिंजवडीतल्या पोराच्या सॅलरी स्लिपवर पीटी म्हणून महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० कापलेले दिसतात ना, तो हाच कर.