मोती अजून दारामागेच झोपतो

संध्याकाळी कुलूप काढल्यावर मी अजूनही दार हळूच ढकलतो. आमचा कुत्रा मोती आतून दाराला टेकून झोपलेला असायचा, म्हणून. त्याला जाऊन महिना झाला. रात्री फरशीवर नखं वाजल्याचा भास होतो तो वेगळाच.

नॉर्वेत ट्रॉन्डहाइमला मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांच्या प्रयोगशाळेत उंदरांवर एक प्रयोग झाला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. उंदीर फिरतो त्या चौकोनात एक वस्तू ठेवायची, नंतर उचलायची. स्मृतीशी संबंधित भागातल्या काही चेतापेशी वस्तू असताना गप्प होत्या आणि ती उचलल्यावर तिच्या रिकाम्या जागी उंदीर आला की चेतत होत्या. तेही काही दिवस. म्हणजे ‘इथे काहीतरी होतं’ याची नोंद ठेवणाऱ्या पेशी! उंदराची वस्तू म्हणजे मोती नव्हे, हे कबूल. तरी शोकाचा अभ्यास करणाऱ्या मेरी-फ्रान्सिस ओ'कॉनर याच प्रयोगाचा आधार घेऊन सांगतात, की माणूस गेल्याचं आपल्याला कळतं, पण मेंदूतला नकाशा लगेच बदलत नाही.

आता मोतीचा हा नकाशा किती पक्का झाला असेल, हिशोब करा. बारा वर्षं, दिवसातून दोनदा फिरायला नेणं, म्हणजे साडेआठ हजारांहून जास्त फेऱ्या. दिवाळीला भेटणाऱ्या काकांच्या वाट्याला यातलं काय येतं? काकांपेक्षा कुत्र्यासाठी जास्त रडलो म्हणून कितीजण मनात खजील होतात. व्हायचं कारण नाही. शिवाय नुसती सवयच असते असंही नाही. जपानमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये कुत्री आणि त्यांचे मालक अर्धा तास एकत्र ठेवले. ज्या जोड्या एकमेकांकडे जास्त वेळ बघत राहिल्या, त्यांच्यात दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढलं. आई आणि तान्ह्या बाळातलं नातं घट्ट करणारं हेच ते संप्रेरक. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांत मात्र तसं दिसलं नाही.

एवढं असूनही कुत्र्याचं सुतक नसतं. रजा मिळत नाही, कुणी भेटायला येत नाही. ‘अरे, कुत्रंच होतं ना, दुसरं आण’ हे मात्र हमखास ऐकायला मिळतं. समाजाने दुःख म्हणून न मोजलेल्या अशा दुःखाला शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये वेगळं नाव देऊन अभ्यासाचा विषय केलं. दहा-तेरा दिवसांचे विधी निदान ‘तो गेला’ हे पुन्हापुन्हा सांगत राहतात. इथे ते आपलं आपल्यालाच करावं लागतं. आईने मोतीच्या वाटणीचा पोळीचा तुकडा आता कावळ्याला घालायला घेतलाय. पट्टा अजून खिळ्यालाच आहे, राहू दे. दुसरं पिल्लू मात्र घाईने आणू नये, असं मला वाटतं. बिचाऱ्याला मोतीच्या जागी मोती व्हावं लागतं.

लहान मुलांना ‘तो झोपलाय’ किंवा ‘गावाला गेलाय’ असं सांगतात, ते तर नकोच. पाच वर्षांखालच्या मुलाला मेलेलं परत येत नाही हे मुळात नीट उमगलेलं नसतं. त्याच्या नकाशात मोती मग खरोखरच गावाला असतो, आणि ते मे महिन्याच्या सुट्टीची वाट बघत बसतं.