पिवळा दिवा लागला म्हणून सेन्सर बदलू नका

पिकअप गेला, सिग्नलवर इंजिन थरथरतंय, एव्हरेज पडलाय आणि मीटरमध्ये ‘चेक इंजिन’चा दिवा. असे ग्राहक आमच्या गॅरेजमध्ये आले की बहुतेकांची मागणी ठरलेली असते : ऑक्सिजन सेन्सर बदलून द्या. कारण कुणीतरी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावून पी-०१७१ हा कोड दाखवलेला असतो. या कोडचा अर्थ एवढाच, की मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी आहे. म्हणजे सेन्सर बहुधा खरंच बोलतोय!

साध्या पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, ई-२० ला (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला) थोडी कमी. सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरातला ऑक्सिजन या सेन्सरकडून पाहून गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो किंवा घटवतो. हा फरक स्कॅनरवर टक्क्यांत दिसतो. त्याला फ्युएल ट्रिम म्हणतात; अधिक म्हणजे पेट्रोल वाढवलंय, उणे म्हणजे घटवलंय. पाच-सात टक्के इकडेतिकडे चालतं.

आम्ही हा आकडा इंजिन गरम झाल्यावर दोनदा बघतो, आधी आयडलिंगला, मग २५०० आरपीएमवर. आयडलिंगला अधिक २० आणि रेस दिल्यावर अधिक ४ दिसलं, तर हवा कुठून तरी चोरून शिरतेय. (आत येणारी हवा दाबावरून मोजणाऱ्या, म्हणजे मॅप सेन्सरवाल्या छोट्या गाड्यांत ही खूण पुसट असते, तिथे आयडलिंगचा आरपीएमच चढलेला दिसतो.) नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, बॉनेटखालचं तर विचारूच नका. रबरी होज कडक होतात आणि नेमक्या क्लिपपाशी, खालच्या बाजूने तडकतात. वरून होज नवी दिसते, वाकवली की तडा उघडतो. तेवढ्यानेही सापडलं नाही, तर इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाण्याच्या वाटेत, धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते बघतो. आकडा रेस दिल्यावर किंवा चढावर वाढत असेल, तर आधी पेट्रोल पंप आणि फिल्टर.

पी-०१७२ म्हणजे उलट : पेट्रोल जास्त. काळा धूर, प्लगवर काजळी, पेट्रोलचा वास. गळका इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा पार्ट) किंवा उघडा अडकलेला पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा) ही नेहमीची कारणं. आणखी एक आपल्याकडचं : गाडी तापू नये म्हणून थर्मोस्टॅटच (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) काढून टाकतात. मग हिवाळ्यात इंजिन नीट गरम होत नाही आणि कॉम्प्युटर जास्त पेट्रोल देत राहतो. हा जुगाड आम्ही करून देत नाही.

येण्याआधी बॅटरी काढून दिवा घालवू नका. साठलेली माहिती पुसली जाते. त्रास थंड इंजिनला होतो की गरम, एसी लावल्यावर होतो का, तेवढं लक्षात ठेवा. सीएनजी गाडी असेल, तर त्रास दोन्ही इंधनांवर आहे की फक्त पेट्रोलवर, हेही सांगा. आणि पार्ट बदलला, तर जुना मागून घ्या.