पिल्लाचं वजन ग्रॅममध्ये सांगा

(घरात मांजरीचं लहान पिल्लू असलेल्या आमच्या ग्राहकांसाठी)

"पिल्लू वाढतच नाहीये हो, एखादं टॉनिक द्या." उन्हाळा लागल्यापासून पावसाळा सरेपर्यंत दुकानात हे वाक्य रोज कुणी ना कुणी म्हणतंच. आम्ही विचारतो, वजन किती? मग मोबाइल पुढे येतो आणि त्यात फोटो असतो. फोटोवरून काही कळत नाही. केस फुगलेले असले की पन्नास-शंभर ग्रॅम सहज लपतात.

आधी ढोबळ हिशेब. जन्मताना पिल्लू साधारण 90 ते 110 ग्रॅमचं असतं. पहिल्या एक-दोन आठवड्यांत ते दुप्पट होतं आणि पुढे रोज 10 ते 15 ग्रॅमची भर पडत राहते. म्हणजे आठवड्याला जेमतेम 100 ग्रॅम. महिन्याचं पिल्लू 400 च्या आसपास, दोन महिन्यांचं 700 ते 900. त्यानंतर पाच-सहा महिन्यांचं होईपर्यंत महिन्याला साधारण अर्धा किलो. जिन्याखाली सापडलेल्या पिल्लाचं वय माहीत नसतं, तेव्हा डोळे आणि दात बघा. डोळे मिटलेले असतील तर ते दहा-बारा दिवसांच्या आतलं. पुढचे बारीक दात नुकते लागत असतील तर तीन-चार आठवड्यांचं.

आता मुख्य गोष्ट, जिच्यात तुमचाही वेळ जातो आणि आमचाही. पुष्कळ जण पिल्लाला हातात घेऊन माणसांच्या वजनकाट्यावर उभे राहतात, मग नुसते उभे राहतात आणि वजाबाकी करतात. "परवा 600 भरलं होतं, आज 500, दोन दिवसांत 100 ग्रॅम उतरलं!" म्हणून घाबरून फोन येतो. पिल्लू बहुतेक वेळा ठणठणीत असतं. घोळ काट्याचा असतो. हे काटे बहुधा 100 ग्रॅमच्या टप्प्याने आकडा दाखवतात, आणि तुम्ही दोन आकडे एकमेकांतून वजा करता, म्हणजे चूक दोन्हीकडून येते. त्यात काही डिजिटल काटे मागचा आकडा लक्षात ठेवतात आणि फरक थोडा असला तर तोच पुन्हा दाखवतात. ज्या पिल्लाची अख्ख्या आठवड्याची वाढ 100 ग्रॅम, त्याला असल्या काट्यावर मोजून काय कळणार? याहून वाईट म्हणजे उलटी चूक. पिल्लू खरंच उतरत असतं आणि काटा तोच आकडा दाखवत राहतो.

त्यासाठी स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा लागतो, केक करणाऱ्यांकडे असतो तो. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा, पाच किलोपर्यंतचा. कडेला उंची असलेला प्लास्टिकचा डबा घ्या, तळाला जुना नॅपकिन घाला, डबा काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणा आणि मग पिल्लू आत सोडा. ते चढायला बघेलच. आकडा नाचत असेल तर हात डब्यावर टेकवू नका, वरून नुसती सावली धरा. पिल्लू क्षणभर थबकतं, तेवढ्यात वाचा. रोज एकाच वेळी मोजा, शक्यतो सकाळी खाण्याआधी. खाल्ल्यानंतर मोजलं तर पोटातलं खाणंच मोजलं जातं. आकडा कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहा. चार आठवड्यांपर्यंत रोज, पुढे आठवड्यातून दोनदा पुरे.

हा काटा आमच्याकडे मिळतो. भांड्यांच्या दुकानातून आणलात तरी आमची काही हरकत नाही, पण आणा. भाड्याने मात्र देत नाही, कितीही आग्रह केलात तरी. मांजरांच्या पार्वोचा, म्हणजे पिल्लांच्या जीवघेण्या उलट्या-जुलाबांच्या रोगाचा, विषाणू वस्तूंवर महिनोन् महिने टिकतो, साध्या फिनाइलला दाद देत नाही, आणि फिनाइल मांजरांना स्वतःच विषारी. एका घरचा काटा दुसऱ्या घरी पाठवणं आम्हाला पटत नाही. त्याच कारणासाठी लस न झालेलं पिल्लू दुकानात आणू नका. आकडे आणा, तेवढ्याने भागतं.

आकड्यांतून काय बघायचं? एखाद्या दिवशी दोन-चार ग्रॅम इकडेतिकडे होतात, शी-शूनेही फरक पडतो. दूध सुटून खाणं सुरू होतं त्या दिवसांतही वाढ जरा रेंगाळते. पण चार आठवड्यांच्या आतलं पिल्लू 24 तासांत मुळीच वाढलं नाही किंवा उतरलं, तर टॉनिक शोधत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अंग गार लागत असेल तर आधी ऊब द्या. गारठलेल्या पिल्लाला दूध पाजलं तर ते पचत नाही.

आणि वजन चांगलं भरलं म्हणून निर्धास्तही होऊ नका. पोट टम्म आणि पाठीचे मणके मात्र हाताला टोचतात, असं पिल्लू बहुधा जंतांचं असतं. हे जंत आईच्या दुधातूनच येतात, त्यामुळे "आमचं तर घरातच असतं, बाहेर जातच नाही" याने काही फरक पडत नाही. जंताचं औषध आम्ही डॉक्टरांची चिठ्ठी आणि त्या दिवसाचं वजन बघूनच देतो, यावरून काही जण रागावतात. मात्रा वजनावर ठरते. 300 ग्रॅमच्या पिल्लाला 500 ग्रॅमची मात्रा गेली तर त्याला जबाबदार कोण?

राहिला दुधाचा प्रश्न. गायीच्या दुधात मांजरीच्या दुधापेक्षा प्रथिनं कमी आणि लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, जास्त. पिल्लू आवडीने पितं, मग जुलाब होतात, आणि वाढीचे ग्रॅम तिथेच वाहून जातात. पाणी घालून पातळ केलं तर पोषण आणखी कमी होतं. पिल्लांच्या दुधाची पावडर महाग आहे हे मान्य, पण लागते ती थोडेच दिवस, म्हणून आम्ही छोटंच पाकीट पुढे करतो. पाजताना पिल्लू पोटावर पालथं असू द्या. बाळासारखं उताणं धरून पाजलं की दूध फुप्फुसात जातं.

चार आठवड्यांनंतर ओलं, मऊ केलेलं पिल्लांचं खाद्य, दिवसातून चार वेळा. कुत्र्यांचं खाद्य नको आणि नुसता दूध-भातही नको; मांजराला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतं, ते मांस-मासळीतून येतं. ते कमी पडलं तर डोळे आणि हृदय दोन्ही बिघडतात. घरात शाकाहार असेल तर बंद पाकिटातलं मांजराचं खाद्य हा सोपा मार्ग आहे. चिकन देणार असाल तर नुसतं उकडलेलं द्या. रश्श्यातलं धुऊन दिलं तरी चालत नाही, त्यात कांदा-लसूण मुरलेला असतो.

खाद्य बदलायचं असेल, किती द्यायचं ते विचारायचं असेल, तर येताना कॅलेंडरच्या त्या पानाचा फोटो काढून आणा. हा फोटो आम्ही आनंदाने बघू.