जुनं कोॲक्स नेटवर्क लांबवायचंय? तुकडा जोडण्याआधी हे वाचा

नवं शेड उभं राहिलं, मशीन तिकडे हललं आणि नेटवर्कची जुनी काळी कोॲक्स केबल (मधोमध तार, भोवती जाळी) काही तिथवर पोचत नाही. "वीस-तीस मीटरचा तुकडाच तर मारायचाय," असा फोन आम्हाला अधूनमधून येतोच. कधी तुकडा चालतो, कधी अजिबात चालत नाही.

मशीनच्या मागे गोल बीएनसी कनेक्टर असेल आणि टी (इंग्रजी T च्या आकाराचा जोड) लावून सगळी मशीनं एकाच केबलवर माळेसारखी ओवलेली असतील, तर ते टेनबेस-टू, म्हणजे बारीक केबलचं इथरनेट. नावातला 'टू' दोनशे मीटर सुचवतो, पण खरी हद्द १८५ मीटर. एका केबलवर जास्तीत जास्त ३० जोडण्या, दोन जोडण्यांमध्ये निदान अर्धा मीटर अंतर. याच्याआधीची जाड केबल ५०० मीटर जायची. ती बहुधा पिवळी असे, दर अडीच मीटरवर खूण, आणि मशीन जोडायचं तर त्या खुणेवर. ती आता क्वचितच दिसते.

तुकडा कुठला लावता, हेही पाहा. एका वर्कशॉपमध्ये कुणीतरी टीव्हीची उरलेली केबल जोडून काम भागवलं होतं. दिसायला अगदी तशीच. पण टीव्हीची केबल ७५ ओहमची, नेटवर्कची ५०. अशा सांध्यावर सिग्नलचा पाचवा हिस्सा आल्या पावली माघारी फिरतो. जवळची मशीनं चालायची, लांबची रुसायची, आणि दोष मात्र बिचाऱ्या नेटवर्क कार्डांना. दोन कार्डं बदलून झाल्यावर आम्हाला बोलावलं.

साधी तपासणी तुमच्या इलेक्ट्रिशियनलाही जमेल. सगळी मशीनं बंद करा, एक टी मशीनवरून काढा (दोन्ही बाजूंच्या केबल टीला तशाच राहू द्या) आणि मधली पिन व बाहेरचं कडं यांत मल्टीमीटर लावा. २५ ओहमच्या आसपास आलं तर ठीक. ५० च्या आसपास आलं तर एका टोकाचा टर्मिनेटर (माळेच्या दोन्ही टोकांना लावायची ५० ओहमची टोपी) गायब आहे किंवा केबल मध्येच तुटली आहे. शून्याजवळ आलं तर कुठेतरी शॉर्ट. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, आमची व्हिजिट वाचते.

१८५ मीटरच्या पुढे जायचं तर पूर्वी रिपीटर लावत. तो दमलेला सिग्नल ताजा करून पुढे ढकलतो. मग रिपीटरवर रिपीटर लावत कितीही लांब का जाऊ नये? कारण अडचण फक्त ताकदीची नाही, वेळेचीही आहे. या जुन्या पद्धतीत केबल सगळ्यांची सामाईक. दोघं एकदम बोलले तर टक्कर होते, दोघांनी थांबून पुन्हा पाठवायचं. १० एमबीपीएस (सेकंदाला एक कोटी बिट) वेगाला सगळ्यात लहान पॅकेट, म्हणजे माहितीचं पुडकं, ६४ बाइटचं, पाठवायला ५१.२ मायक्रोसेकंद लागतात. लांबच्या टोकाला झालेल्या टकरीची खबर तेवढ्यात परत यायला हवी. उशिरा आली तर पाठवणारा 'पोचलं' समजून मोकळा होतो. मग नेटवर्क बंद पडत नाही, नुसतं रखडतं, आणि असला बिघाड शोधणं आमच्याही जिवावर येतं. म्हणून नियम असा: केबलचे सलग पाच तुकडे (प्रत्येक १८५ मीटरपर्यंत), मध्ये चार रिपीटर, मशीनं त्यातल्या तीनच तुकड्यांवर. बारीक केबलला एकूण ९२५ मीटर.

ही कोंडी ब्रिजने फोडली. तो पॅकेट आधी पूर्ण घेतो, मग पलीकडे नव्याने पाठवतो, त्यामुळे पलीकडचा वेळेचा हिशेब पुन्हा शून्यापासून. मात्र दोन ब्रिजमधून चुकून गोल वाट तयार झाली की तेच पॅकेट फिरत राहतं. त्यावर डिजिटल इक्विपमेंट या संगणक कंपनीत काम करणाऱ्या रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये जादा वाटा आपोआप बंद ठेवणाऱ्या स्पॅनिंग ट्रीचा तोडगा काढला. आजचा स्विच म्हणजे पुष्कळ पोर्टांचा ब्रिजच.

आम्ही बहुतेक ठिकाणी हेच करतो: जुनी माळ तशीच ठेवून तिच्या टोकाला बीएनसी आणि आरजे-४५ (आजच्या नेटवर्क केबलचा चौकोनी प्लग) दोन्ही असलेला हब (अनेक पोर्टांचा रिपीटर), पुढे स्विच, आणि दोन शेडमध्ये काचेची फायबर केबल. तांब्याची केबल उघड्यावरून नेऊ नका. दोन शेडचं अर्थिंग वेगळं असतं आणि वळवाच्या विजा कार्डं जाळतात. स्विच स्वतः आणणार असाल तर तो १० एमबीपीएसवर चालतो ना, हे दुकानात विचारून घ्या. काही नव्या पोर्टना तो वेग कळतच नाही.

फोन करण्याआधी केबलची लांबी पावलांनी नको, टेपने मोजा. चढ-उतार आणि पत्र्याखालची वळणंही धरा. केबलवर छापलेला नंबर आणि मशीनच्या मागच्या बाजूचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला, तर अंदाजपत्रक येण्याआधीच देता येतं.