स्लॅब पडण्याआधीची रिकामी नळी

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरातले इंटरनेट दोन दिवस बंद होते. तक्रारीवरून आलेल्या तंत्रज्ञाने राउटरला जोडलेली फायबर केबल काढली, तिच्या टोकाला पेनाएवढे लेझर लावले आणि दिवाणखान्यातले दिवे बंद करायला सांगितले. केबल अंधारातच होती. मात्र सरकत्या खिडकीच्या चौकटीत जिथे ती दाबून दुमडली गेली होती, तिथे तिच्या पांढऱ्या वेष्टनातून लाल उजेड पाझरत होता. प्रकाश काचेच्या तंतूतून पुढे जाण्याऐवजी त्या घडीपाशी बाहेर पडत होता.

या तंतूची जाडी १२५ मायक्रोमीटर, म्हणजे साधारण एका जाड केसाएवढी असते आणि प्रकाश वाहून नेणारा त्याचा गाभा तर जेमतेम ९ मायक्रोमीटरचा. प्रकाश गाभ्याच्या सीमेवर तिरका आदळतो आणि पूर्ण आंतरिक परावर्तनामुळे पुन्हा आत वळतो, म्हणूनच तो किलोमीटरच्या किलोमीटर अंतर फारसा क्षीण न होता कापतो. तंतू फार वाकवला की हा कोन बिघडतो. घरांसाठी बनवलेली खास फायबर साडेसात मिलिमीटर त्रिज्येपर्यंतचे वळण सहन करते. खिडकीच्या चौकटीतल्या घडीला तेवढी जागा कुठून मिळणार?

खरा प्रश्न असा की ती केबल खिडकीतून आलीच का. बावीस मजल्यांच्या आमच्या इमारतीत पाणी, वीज, गॅस आणि सांडपाणी या प्रत्येकाला नकाशावर आखलेली वाट आहे. इंटरनेट मात्र गच्चीवरून पावसाच्या पाइपला बांधून खाली सोडलेले आहे. बांधकामाच्या वेळी प्रत्येक मजल्यावर एक स्वतंत्र डक्ट, म्हणजे केबल वर-खाली नेण्याची उभी पोकळी, तिथून प्रत्येक सदनिकेत जाणारी एक रिकामी नळी आणि तळमजल्यावर वीजजोडणी असलेली, कुलूप लावता येईल अशी एक छोटी खोली एवढे ठेवले असते, तर हा प्रसंग आलाच नसता.

आजकाल आपल्याकडे अनेक उंच इमारती मायवन पद्धतीने, म्हणजे ॲल्युमिनियमचे साचे लावून उभ्या राहतात. त्यांत विटांची भिंत नसते. भिंती आणि स्लॅब एकसंध काँक्रीटचे एकाच वेळी ओतले जातात. अशा भिंतीत नंतर खाच पाडणे म्हणजे आतल्या सळयांना हात घालणे, त्यामुळे काँक्रीट पडण्याआधी लोखंडाच्या जाळीवर जी नळी ठेवली गेली नाही, ती पुढे सहसा ठेवताच येत नाही. ज्या दिवशी इलेक्ट्रिशियन त्या जाळीवर विजेच्या नळ्या तारेने बांधत असतो, त्याच दिवशी त्यांच्यापासून थोड्या अंतरावर आणखी एक नळी टाकायला लागणारा खर्च अगदी किरकोळ असतो.

‘आता सगळे वायरलेसच आहे, मग नळी कशाला?’ असे अनेकजण विचारतात. उत्तर त्याच काँक्रीटमध्ये आहे. मोबाइलची जागतिक मानके ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी या संस्थेच्या गणिती प्रारूपानुसार काँक्रीटच्या भिंतीतून जाताना ०.९ गिगाहर्ट्झच्या लहरीची शक्ती सुमारे सातव्या हिश्श्यावर येते, तर फाइव्ह-जीसाठी वापरल्या जाणाऱ्या ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरीची जवळपास ऐंशीव्या हिश्श्यावर. काचेची गोष्ट अधिक विचार करायला लावणारी आहे. साध्या काचेतून निम्म्याहून थोडी जास्त शक्ती आत येते; पण उष्णता रोखण्यासाठी जिच्यावर धातूचा अतिशय पातळ थर चढवलेला असतो, त्या काचेतून सुमारे अडीचशेवा हिस्साच येतो. ऊर्जा वाचवणारी ही काच मला हवीच आहे, पण ती बसवणाऱ्याने आतल्या रेंजची सोयही त्याच नकाशात करायला हवी.

वरच्या मजल्यांवर टॉवर डोळ्यांसमोर दिसत असूनही फोन तुटतो, याचे कारणही भौतिकच आहे. टॉवरवरचे अँटेना रस्त्याकडे किंचित झुकवलेले असतात, आणि उंचावर एकाच वेळी अनेक टॉवरचे संकेत पोहोचून एकमेकांत मिसळतात. लिफ्टची पोलादी पेटी आणि तळघरातले पार्किंग तर लहरींना जवळपास बंदच. लिफ्ट अडकली आणि ११२ लावायची वेळ आली, तर ही गैरसोय राहत नाही, धोका होतो. त्यावर उपाय म्हणजे इमारतीतच छोटे अँटेना विखरून बसवणे. आणि त्या प्रत्येक अँटेनापर्यंत पुन्हा केबलच न्यावी लागते.

आपल्या देशात हा विचार कागदावर आलेला आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, जानेवारी २०१७ मध्येच शिफारस केली की इमारतीत शिरण्याचा हक्क कोणा एका कंपनीला देणारे करार नसावेत आणि आतली व्यवस्था सर्वांनी वाटून वापरावी. हा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण नळी एकाच कंपनीच्या ताब्यात गेली की रहिवाशाची निवड संपते. केंद्राने राज्यांसाठी नमुना म्हणून काढलेल्या २०१६ च्या आदर्श बांधकाम उपविधींना २०२२ मध्ये सामाईक दूरसंचार व्यवस्थेची पुरवणी जोडली गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये ट्रायने इमारतींना डिजिटल जोडणीसाठी तारांकन, म्हणजे स्टार रेटिंग, देण्याचे विनियम काढले. त्यात फायबरची तयारी, मोबाइलची रेंज, वाय-फाय आणि वापरणाऱ्याचा प्रत्यक्ष अनुभव तपासला जातो.

मात्र आदर्श उपविधी राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाहीत, आणि तारांकन ऐच्छिक आहे. ज्याची इमारत चांगली आहे तोच ते मागायला जाईल, अशी मला काळजी वाटते. इंग्लंडने दुसरी वाट धरली. तिथे २६ डिसेंबर २०२२ पासून नव्या घरात गिगाबिट वेगासाठी लागणाऱ्या नळ्या आणि जागा ठेवणे बंधनकारक आहे, आणि एका घरामागे खर्च २,००० पौंडांच्या मर्यादेत बसत असेल तर प्रत्यक्ष जोडणीही द्यावी लागते. बांधकामाच्या अर्जासोबतच विकासकाला जोडणीचा आराखडा सादर करावा लागतो, म्हणजे प्रश्न पाया खणण्याआधी विचारला जातो.

महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रित नियमावलीत ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडावर पर्जन्यजलसंचय बंधनकारक आहे. भोगवटा प्रमाणपत्राआधी डक्ट, नळ्या आणि तळमजल्यावरची खोलीही तशीच, तितक्याच काटेकोरपणे तपासली जावी, असे माझे ठाम मत आहे. तोवर घर घेणाऱ्याने बांधकाम चालू असतानाच एखाद्या मजल्यावर चढून, स्लॅब पडण्याआधी, जाळीवरच्या नळ्यांतली इंटरनेटची कोणती हे विचारावे. साइटवरचा इलेक्ट्रिशियन ती बोट दाखवून सांगू शकेल.