मध्यस्थता, सुलह आणि इंदूरचा पोटगीचा खटला

न्यायालयाच्या मध्यस्थता केंद्रातला मध्यस्थ दोन्ही पक्षांना परका असतो, निकाल देत नाही आणि तेथील बोलणे गुप्त ठेवतो. कुराणाने (४:३५) पती-पत्नीच्या वादासाठी सांगितलेल्या सुलहच्या, म्हणजे समेटाच्या, रीतीत मात्र एक मध्यस्थ त्याच्या घराण्यातला आणि एक तिच्या घराण्यातला असतो. नात्यातली ओळख हीच तेथे पात्रता ठरते. या दोन मध्यस्थांना विवाह मोडण्याचा अधिकार आहे का, यावर इस्लामी कायद्याच्या परंपरांत जुना मतभेद आहे: मालिकी परंपरा तो अधिकार मान्य करते, तर भारतात बहुसंख्य असलेली हनफी परंपरा पती-पत्नींनी सोपवल्याशिवाय देत नाही. ब्रिटिश मुलखात १८८० च्या कायद्याने काझी नेमण्याची सोय केली, पण त्यांना न्यायदानाचा अधिकार दिला नाही.

इंदूरच्या वाचकांना पुढचा भाग परिचित आहे. १९३२ मध्ये विवाह झालेल्या येथील शाहबानो या महिलेने १९७८ मध्ये पोटगी मागितली, आणि त्याच वर्षी पतीने तलाक दिला. दंडाधिकाऱ्यांनी दरमहा २५ रुपये ठरवले, उच्च न्यायालयाने १९८० मध्ये ते १७९ रुपये २० पैसे केले, सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये हा निर्णय कायम ठेवला आणि १९८६ मध्ये संसदेने वेगळा कायदा केला. त्यानंतरचा सारा वाद पोटगी आणि धर्मस्वातंत्र्य यांभोवती फिरला. त्या गदारोळात कुराणातल्या समेटाच्या तरतुदीकडे जवळजवळ कोणाचे लक्ष गेले नाही, हे फार खेदाचे आहे.

ती उणीव सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निर्णयाने भरून काढली. तलाकला वाजवी कारण हवे आणि त्याआधी दोन्ही घरच्या मध्यस्थांनी समेटाचा प्रयत्न केलेला हवा, हे मत न्यायालयाने त्यात स्वीकारले. लेखी कैफियतीत ‘तलाक पूर्वीच दिला’ असे नुसते म्हणणे पुरेसे नाही, असेही ठरवले. ज्या अटीकडे पुरुष सहज दुर्लक्ष करू शकत होता, ती सिद्ध करण्याचा भार आता त्याच्यावर आला. त्याच वर्षी दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ८९ अमलात येऊन न्यायालयांना वाद मध्यस्थीकडे पाठवण्याचा मार्ग मिळाला.

दारुल कजाच्या, म्हणजे धार्मिक कायद्यानुसार वाद ऐकणाऱ्या मुस्लिम संस्थांच्या, निर्णयांना कायद्याचे बळ नाही, ते कोणावर लादता येणार नाहीत, असे २०१४ मध्ये स्पष्ट झाले; अशा संस्थांवर बंदी मात्र आली नाही. २०२३ च्या मध्यस्थता कायद्यात सामुदायिक मध्यस्थीसाठी तिघांचे मंडळ आहे, पण त्यातील तडजोडीलाही न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे (डिक्रीचे) बळ नाही. त्यामुळे न्यायालयाच्या केंद्रात समझोता झालेल्या पत्नीला तो थेट बजावून घेता येतो, तर घरच्या मध्यस्थांपुढे ठरलेली रक्कम पतीने थकवली, तर तिला पुन्हा दाव्यानेच सुरुवात करावी लागते.