लॅमेंटेशन की पिएता?

मेलेल्या येशूला धरून बसलेली त्याची आई मरिया असं जुनं चित्र दिसलं की लोक सरसकट 'पिएता' म्हणून मोकळे होतात. मायकेलँजेलोच्या त्या नावाच्या प्रसिद्ध मूर्तीच्या कृपेने तो एकच शब्द सगळ्यांना माहितीये ना! पण त्यातली बरीच चित्रं खरं तर लॅमेंटेशन असतात.

लॅमेंटेशन म्हणजे गोष्टीतला प्रसंग: देह क्रूसावरून उतरवलाय, अजून पुरलेला नाही आणि जमलेले सगळे शोक करतायत. इटलीतल्या पडुआच्या स्क्रोवेन्यी चॅपलमधलं चित्रकार जोत्तोचं भित्तिचित्र बघा, साधारण १३०५ चं. मरियाने येशूच्या गळ्यात हात घालून चेहरा अगदी जवळ नेलाय, त्याची शिष्या मग्दालिया पायाशी बसलीये, शिष्य योहान दोन्ही हात मागे फेकून पुढे वाकलाय आणि वर आकाशात देवदूतांचीसुद्धा रडारड चाललीये. कमाल आहे ती आपल्याकडे पाठ करून बसलेल्या दोघींची, चेहरा दिसतच नाही, नुसती झग्यात गुंडाळलेली पाठ, आणि तरी काय चाललंय ते बरोबर कळतं. प्रत्येकाचं दुःख वेगळं दाखवलंय.

पिएतामध्ये गोष्ट बाजूला ठेवून फक्त आई आणि तिच्या मांडीवरचा मुलगा घेतात, समोर बसून प्रार्थना करता यावी म्हणून. जर्मन भागात १३०० च्या सुमारास अशा लाकडी मूर्ती सुरू झाल्या. बॉनच्या म्युझियममधली तर बघवत नाही, डोकं मागे लटकलंय, बरगड्या वर आल्यात, जखमांवर रक्ताच्या गुठळ्या द्राक्षांच्या घडासारख्या. आणि गंमत म्हणजे देह उतरवल्याचं चारही शुभवर्तमानांत (बायबलमधल्या येशूच्या चरित्रांत) आहे, पण आईच्या मांडीवर ठेवल्याचं एकातही नाही.

घोळ होतो तो पॅरिसच्या लूव्र म्युझियममधल्या 'आविन्योंची पिएता' या चित्रामुळे, फ्रेंच चित्रकार आंगेराँ कार्तोँचं, १४५५ च्या आसपासचं. त्यात योहान आणि मग्दालियाही आहेत, मग हे लॅमेंटेशन का नाही? एक तर मागे डोंगर-झाडं नाहीत, सपाट सोनेरी रंग आहे. दुसरं, कोणी आक्रोश करत नाही, मरिया हात जोडून बसलीये आणि मग्दालिया झग्याच्या टोकाने डोळे पुसतेय. तिसरं, डावीकडे गुडघे टेकलेला पांढऱ्या झग्यातला माणूस, तो चित्राचा दाता, म्हणजे पैसे देऊन ते काढून घेणारा, त्या काळचा धर्मगुरू. त्याचा चेहरा इतका खरा की सुरकुत्या मोजाव्यात, पण तो देहाकडे बघतच नाहीये, कारण तो त्या प्रसंगात हजरच नाही, तो प्रार्थना करतोय आणि बाकीचं सगळं त्याच्या मनात चाललंय.